एक जानेवारीत गेलेली होडी

मला राग पटकन येतो. यंत्रांचा तर जरा जास्तच, कारण ती उलटून बोलत नाहीत. बोईसरच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅचचं काम बघते, तिथल्या प्रिंटरला मी जे जे ऐकवलंय ते माणसाला ऐकवलं असतं तर माझी नोकरी राहिली नसती. तरी आमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोरून जाताना हल्ली मी ओढणीनं त्याच्यावरची धूळ पुसते आणि मनातल्या मनात त्याचे आभार मानते. नवऱ्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, आता उदबत्ती पण लाव. लावीनही.

हा कॉम्प्युटर आमच्या ऑफिसनं भंगारात काढला होता. मी तो मागून घरी आणला. चालू केला की आधी चहा होईपर्यंत नुसता गुरगुरायचा, मग कुठे पडदा उजळायचा. बोईसर स्टेशनबाहेर कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक टपरीएवढं दुकान आहे. तिथला दुकानदार बिहारकडचा. त्यानं डबा उघडून आत डोकावलं आणि म्हणाला, "भाभी, इसमें विंडोज अब साँस नहीं लेगा. लिनक्स डाल देता हूँ, फ्री का है." फुकटचं ते काय टिकणार, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो हसला आणि त्यानं ते कॉम्प्युटरमध्ये घालून दिलं. ते टिकलं. व्हायरस नाही, कटकट नाही, आणि मला सगळ्यात आवडली ती त्याची फोटो लावायची पद्धत. कॅमेऱ्याचं कार्ड जोडलं की फोटो आत घेणारा प्रोग्राम उघडायचा आणि एकेक फोटो ज्या तारखेला काढला असेल त्या तारखेच्या फोल्डरात आपणहून नेऊन ठेवायचा. वर्षाच्या आत महिना, महिन्याच्या आत दिवस. डिस्पॅचच्या बाईला आणखी काय पाहिजे. शेवटी तो विचारायचा, कार्डावरचे काढून टाकू का? मी दरवेळी हो म्हणायचे, म्हणजे कार्ड पुढच्या वेळेला मोकळं.

तेव्हा आम्ही बोईसरलाच दोन खोल्यांत राहत होतो. माझे वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात आलेले, म्हणून मी वाढलेही बोईसरमध्येच. नवरा मात्र तारापूरच्या पलीकडचा, खाडीवरच्या मच्छीमार गावातला. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होडी. त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, तांडेल, होडीवरचे मुख्य. सगळ्या गावाचे ते तांडेल, माझे बाबा. माझा नवरा शाळेत असताना त्यांच्याबरोबर खलाशी म्हणून जायचा, पुढे आयटीआय करून कारखान्यात फिटर झाला. सासरची माणसं मला अजून लाडानं घाटी म्हणतात आणि मी त्यांना काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पालघरला हॉस्पिटलात बरेच दिवस काढले. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण उजवा पाय काही साथ देईना. होडी विकायची गोष्ट निघाली तेव्हा माझ्या नवऱ्यानं कुणाला न विचारता कारखान्याचा राजीनामा दिला आणि म्हणाला, मी चालवतो. मी भांडले. चांगलीच भांडले. पण माझ्यापेक्षा बाबा जास्त भडकले. "इतकी वरसा पाना धरला हातात आणि आता सुकाणू धरनार. होडी बुडवंल तो. आमच्या नावाला काळा लावंल." त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. माझ्याशी बोलायचे, सासूबाईंशी बोलायचे, दारातल्या मांजराशी तासभर बोलायचे. मुलाला काही सांगायचं असेल तर तो समोर बसलेला असताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्याला सांग, जाळी उन्हात नको टाकू." मग मी त्याला सांगायचे, जाळी उन्हात नको टाकू. तो मला म्हणायचा, बरं. मी बाबांना सांगायचे, बरं म्हणतोय. पावसाळाभर मी हे पोस्टमनचं काम केलं.

कारण तोपर्यंत आम्ही बोईसरची खोली सोडून गावाला राहायला गेलो होतो. टेम्पोत पहिल्यांदा कॉम्प्युटर चढवला, मग गॅस.

गावातल्या घरात सासूबाईंचं राज्य. त्यांचा एक कायदा आहे, आणि तो किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत असावा: कुठल्याही वस्तूत सेल ठेवायचा नाही. खारा वारा सेल फोडतो, पांढरी भुकटी बाहेर येते, आतली स्प्रिंग खाऊन टाकते. त्यांचे दोन रेडिओ असे गेलेले. म्हणून काम झालं की सेल बाहेर, आणि तांदूळ भरलेल्या पत्र्याच्या डब्यात. टॉर्चचे, रेडिओचे, टीव्हीच्या रिमोटचेसुद्धा. संध्याकाळी सिरीयल लावायची तर आधी डबा उघडायचा, तांदळात बोटं घालून सेल शोधायचे, रिमोटात घालायचे, चॅनल लावायचं, आणि जाहिरात लागायच्या आत सेल परत डब्यात. मला सुरुवातीला हसू यायचं. मग मीही काढायला लागले. माझ्या भावानं दिलेला कॅमेरा दोन पेन्सिल सेलवर चालतो. त्याचेही सेल तांदळात गेले.

नारळी पौर्णिमा झाली. होडी पाण्यात घालायचा दिवस ठरला. त्या दिवशी बंदरावर पूजा होते, नारळ सोडतात, मग भावकीतले पुरुष होडीत चढतात आणि खाडीत एक फेरी मारतात. ती फेरी मारून आणली की बर्फ, डिझेल, शिधा चढवायचा आणि त्याच भरतीला समुद्रात जायचं. बाबांनी आयुष्यात ही फेरी कधी चुकवली नव्हती. नवरा मला म्हणाला, त्यांना सांग, आम्ही खुर्चीत बसवून नेतो. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "मी काय बर्फाची लादी हाय? सगल्या बंदरासमोर मला उचलून नेनार?" विषय संपला.

पण सकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "तो कॅमेरा घेऊन जा. त्यानं होडी कशी काढली, कशी वळवली, सगला काढ. मला मोठ्या पडद्यावर बगाचा हाय. मोबाईलवर मला दिसत नाय." मग जरा थांबून म्हणाले, "वाईट झाला तरी दाव. लपवू नको." त्यांचा चेहरा बघून मला कळलं की रात्रभर झोपले नाहीत. हा माणूस रागात नव्हता, घाबरलेला होता. मुलगा होडी आपटेल, लोक हसतील, आणि आपण अंथरुणातून उठूही शकणार नाही, ही ती भीती.

मी डब्यातून सेल घेतले, कॅमेऱ्यात घातले आणि बंदरावर पळाले. चिखल, ढोल, ऊन. कॅमेरा चालू केल्यावर पडद्यावर काहीतरी आलं, उन्हात मला दिसेना, मी ओके दाबलं आणि ते गेलं. मग होडी पाण्यात उतरेपर्यंत आणि फेरी पूर्ण होईपर्यंत मी बटण दाबत सुटले. होडी लांब होती, म्हणून झूम पूर्ण ताणलेला. खरं सांगते, मी काही बघत नव्हते. मी इतकी घाबरले होते की फक्त दाबत होते. होडी नीट वळली, नीट परत आली, एवढंच मला कळलं. बर्फ चढला, नवऱ्यानं लांबून हात केला आणि होडी खाडीच्या तोंडातून बाहेर गेली. घरी आल्या आल्या सासूबाईंनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, आधी सेल काढले आणि मग विचारलं, "बरा झाला ना सगला?"

"छान झालं, आई."

बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, टोपी चढवून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांना असं तयार झालेलं मी हॉस्पिटलमधून आणल्यापासून बघितलं नव्हतं. मी कार्ड काढलं, कार्ड रीडरमध्ये घातलं, प्रोग्राम उघडला. फोटो आत यायला लागले. पट्टी हळूहळू भरत गेली. भरली. काढून टाकू का? सवयीनं हो दाबलं. आणि लाईट गेली.

आमच्या गच्चीवरून, वीज तयार करतात त्या केंद्राच्या इमारती दिसतात. तरी आमच्याकडे लाईट जाते. ह्यावर मी काय बोलले ते सासऱ्यांसमोर बोलायला नको होतं.

लाईट तासाभरानं आली. बाबा तेवढा वेळ जागचे हलले नाहीत, काळ्या पडद्याकडे बघत बसले. कॉम्प्युटर गुरगुरला, उजळला. मी फोटोंचं फोल्डर उघडलं. ह्या वर्षाचं बघितलं. त्यात उन्हाळ्यातले फोटो होते, बोईसरच्या खोलीतले. ऑगस्ट नावाचं फोल्डरच नव्हतं. बंद करून पुन्हा उघडलं. नाही. कार्ड पुन्हा घातलं. रिकामं.

"काय झाला?" बाबा म्हणाले.

"काही नाही बाबा, जरा थांबा. सापडत नाहीयेत."

"सापडत नाय कशे? आता तर तू टाकले."

मी बोईसरच्या दुकानदाराला फोन लावला आणि त्याच्यावरच ओरडले. तुझ्या फुकटच्या लिनक्सनं माझे फोटो खाल्ले म्हटलं. तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "भाभी, फोटो ऐसे नहीं जाता. कार्ड पे नया फोटो मत खींचना, उसपे कुछ मत डालना. कल मशीन और कार्ड दोनों ले आओ, मैं निकाल दूँगा." आणि वर म्हणाला, "पहले अच्छे से ढूँढो. वो कहीं रखा होगा." दुसरा कुणी असता तर त्यानं फोन ठेवला असता. त्याचे मी नंतर मिठाई घेऊन जाऊन आभार मानले, पण त्या क्षणी "कहीं" ह्या शब्दानं माझं डोकं फिरलं होतं.

मी वळून बघितलं तर बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"तू लपवतेस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं. "होडी लागली काय कुटं? खडकाला लागली? लोक हसले?"

"नाही हो बाबा. शपथ. फार छान काढली त्यानं."

"मग दाव."

काय दाखवू? मी शपथा घेत होते, सासूबाईही सांगत होत्या, पण बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांनी ठरवून टाकलंय. मुलानं घाण केली आणि बायका त्याला पाठीशी घालतायत. मला रडू आलं. इतके महिने मी ह्या दोघांच्या मधे उभी राहून बरं, बरं करत होते, आणि बाबांनी स्वतःहून एकदाच मुलाकडे बघायचं मनात आणलं, तर ते मीच घालवलं.

मग मला आठवलं की काही कॅमेऱ्यांत कार्डाशिवायही थोडे फोटो राहतात. बघू तर म्हणून मी डबा उघडला, तांदळातून सेल काढले, कॅमेऱ्यात घातले. ह्या वेळी घरात ऊन नव्हतं आणि मला पडद्यावरचं नीट दिसलं. कॅमेरा तारीख विचारत होता. त्यानं आपली स्वतःची एक तारीख पुढे केली होती आणि हीच ठेवू का असं विचारत होता. एक जानेवारी. आणि साल असं, की तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.

मी खाली बसले. सेल काढले की कॅमेरा सगळं विसरत होता. घातले की जन्मल्या दिवसापासून सुरुवात. बोईसरला सेल आतच असायचे म्हणून हे कधी कळलंच नाही. सकाळी बंदरावर मी ओके दाबलं ते ह्यालाच. आणि आमचा शिस्तीचा लिनक्स, त्यानं कॅमेऱ्यावर विश्वास ठेवला आणि सगळी होडी नेऊन त्या जुन्या सालाच्या एक जानेवारीत ठेवली. मी वर नव्या वर्षात शोधत होते, फोटो खाली तळाशी होते. मी फोल्डर उघडलं. सगळे होते, एकही गेला नव्हता.

"आई, तुमचे सेल," असं म्हणून मी हसायला लागले आणि डोळे पुसायला लागले. त्या बिचाऱ्या मला पाणी घेऊन आल्या.

बाबांनी टोपी घातली. मी पहिला फोटो पडद्यावर मोठा केला आणि त्यांची खुर्ची पुढे ओढली, इतकी की नाक पडद्याला लागेल. ते सावकाश बघत होते. एक फोटो पुढे घ्यायला दोन मिनिटं. नारळ. होडीचं पुढचं टोक पाण्यात. वळण. "हां," ते म्हणाले. पुढच्याला पुन्हा, "हां. पानी बगून वलवली." मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला तेवढंच पुरे होतं, तिथंच थांबले असते तरी मी देवाला नारळ फोडला असता.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा असा वाकडा का उबा हाय?"

मी बघितलं. होडी माणसांनी भरलेली, पाय ठेवायला जागा नाही. मागे सुकाणूच्या दांड्याशी माझा नवरा उभा. दांड्याच्या उजवीकडे बसायची एक फळी असते, तांडेल तिथं बसून होडी चालवतो. फळी मोकळी होती. हा डावीकडे उभा राहून, आडवा हात करून दांडा धरत होता.

"बसला का नाय तो? हात भरून येल असा."

"मागे घे," ते म्हणाले. मी मागचा फोटो घेतला. त्यात भावकीतला एक जाडा चुलता फळीवर बसायला वाकला होता. पुढच्या फोटोत माझ्या नवऱ्याचा हात त्या चुलत्याच्या खांद्यावर. त्याच्या पुढच्यात चुलता तोंड वाकडं करून जाळ्यांच्या ढिगावर बसलेला, आणि फळी मोकळी. मग एकामागून एक सगळ्या फोटोंत, पूर्ण फेरीभर, इतक्या गर्दीत ती एकच जागा मोकळी होती. मी घाबरून बटण दाबत राहिले म्हणून ते सगळं आलं होतं. मला बंदरावर ह्यातलं काहीही दिसलं नव्हतं, आणि नवऱ्यानं मला काही सांगितलंही नव्हतं.

डाव्या हातानं बाबांनी पडद्यावरच्या त्या फळीवर बोट ठेवलं. पडद्यावर बोट लावलेलं मला अजिबात चालत नाही. त्या दिवशी चाललं.

"ती माजी जागा हाय," ते म्हणाले. मला सांगत नव्हते, असंच म्हणाले. मग मला म्हणाले, "होडी कवा येल?"

"परवा म्हणाला होता."

"खुर्ची काड. मी जानार बंदरावर."

होडी आली तेव्हा भरती होती आणि ती धक्क्याला लागली. चार खलाश्यांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीतून आणलं. वाटेत त्यांनी चौघांनाही शिव्या घातल्या, एकाला चालता येत नाही म्हणून, दुसऱ्याला फार जपून चालतो म्हणून. सगळं बंदर बघत होतं आणि कुणी हसलं नाही. त्यांना होडीत उतरवलं, फळीवर बसवलं. त्यांनी डावा हात दांड्यावर ठेवला. नवरा शेजारी उभा होता, दोन रात्रींचा जागा, अंगाला मासळीचा वास, आणि मान खाली. मी धक्क्यावर होते. ह्या वेळी कॅमेरा नेला नव्हता.

"इंजिन चालू कर," बाबा म्हणाले. "एक फेरी मारू."

नवऱ्यानं वर माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांची सवय, मी सांगेपर्यंत तो वाट बघायचा.

"तिकडं काय बगतो," बाबा म्हणाले. "तुला सांगतो मी."